दौलताबादचा कागद आणि श्रावकाची खरेदी

वेरूळच्या जैन लेण्यांच्या वर, डोंगराच्या माथ्याशी, भगवान पार्श्वनाथांची जी भव्य पद्मासनस्थ मूर्ती आहे, तिच्या आसनावर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. शके ११५६, जय संवत्सर, फाल्गुन शुद्ध तृतीया, म्हणजे इ.स. १२३५ चा आरंभ. त्या वेळी देवगिरीच्या सिंहासनावर यादव नृपती सिंघण होता. वर्धनपूर येथील एका कुळातील चक्रेश्वर नामक श्रावकाने ही मूर्ती स्थापिली, आणखीही अनेक जिनबिंबे घडविली आणि चारणाद्री पर्वताला तीर्थाचे रूप दिले, असे त्या लेखात म्हटले आहे. भरत चक्रवर्तीने कैलासाला जसे तीर्थ केले तसे, अशी उपमाही त्याला दिली आहे. आपल्या परिसरातील श्रावकाच्या दानाचा इतका स्पष्ट, तिथी-संवत्सरासह मिळणारा पुरावा दुर्मीळच म्हणावा लागेल.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत दात्यांच्या नामावलीला मानाचे स्थान असते, आणि ते उचितच आहे. चक्रेश्वरापासून चालत आलेली ती परंपरा आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाच्या मनात आणखी एक प्रश्न उभा राहतो. ज्यांनी ती पाषाणमूर्ती घडविली त्या शिल्पींना मूर्तीनंतरच्या वर्षी काम कोणी दिले? दान एकदा होते. हाताला काम मात्र रोज लागते. दान शिळेवर कोरले जाते, खरेदी रोजमेळात लिहिली जाते, आणि रोजमेळ वाळवीच्या मुखी पडतो. त्यामुळे समाजाने काय दिले याचा इतिहास आपल्यापाशी आहे, परंतु समाजाने काय विकत घेतले आणि त्या खरेदीने कोणाचे घर चालले, याचा इतिहास जवळजवळ अलिखितच राहिला. वस्तू विकत घेता घेता एखादे लोकोपयोगी कार्य उभे राहावे, या विचारावर जे उद्योग चालले त्यांचा मागोवा देवगिरीच्या पायथ्यापासून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विचार आपल्याकडे परका नाही. चक्रेश्वराच्याच काळात माळव्यात पंडित आशाधर ‘सागारधर्मामृत’ रचीत होते. त्यांनी गृहस्थाच्या गुणांचा प्रारंभ पूजेपासून केलेला नाही, उपवासापासूनही नाही. न्यायाने मिळविलेल्या धनापासून केला आहे. आचार्य हेमचंद्रांच्या ‘योगशास्त्रा’तही मार्गानुसारी गृहस्थाचा पहिला गुण तोच. श्वेतांबर परंपरेने पंधरा कर्मादाने सांगितली, म्हणजे श्रावकाने करू नयेत असे पंधरा धंदे: वन तोडून विकणे, हस्तिदंताचा, लाखेचा, विषाचा व्यापार करणे, जनावरांना खच्ची करणे, तळी आटविणे इत्यादी. हे झाले विकणाऱ्याचे व्रत. घेणाऱ्याचे व्रत म्हणजे भोगोपभोग-परिमाण. ‘उपासकदशांग’ सूत्रातील आनंद श्रावकाची कथा आपण पर्वकाळात ऐकतो. कोट्यवधी सुवर्णमुद्रांचा हा धनी भगवान महावीरांसमोर आपल्या वापरातील एकेका वस्तूची मर्यादा सांगत जातो: दातवणाला अमुक काडी, स्नानाला इतके घडे पाणी, नेसायला क्षौम वस्त्रांची एक जोडी. बाजारात पाऊल टाकण्यापूर्वीच बाजारहाटाची यादी धर्मासमोर वाचून दाखविणारा हा ग्राहक आहे. दानाचा विचार आपण पुष्कळ केला, यादीचा मात्र थोडा कमी केला, असे माझे मत आहे.

आता दौलताबादकडे वळू. इ.स. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीस आणली आणि तिला दौलताबाद हे नाव रूढ झाले. राजधानी आली तशी दप्तरे आली, आणि दप्तराला कागद हवा. दौलताबादहून खुलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कागजीपुरा हे गाव त्या वेळी आलेल्या कागद्यांनी वसविले, अशी परंपरा आहे. राजधानी थोड्याच वर्षांत परत गेली. कागद करणारे मात्र येथेच राहिले. पुढे निजामशाही आली, मोगल आले, निजामाचे राज्य आले, आणि कागजीपुऱ्याची हौदे चालूच राहिली. पेशवाईच्या दप्तरातही दौलताबादी कागदाचा उल्लेख येतो.

हा कागद कसा होत असे, हे श्रावकाने मुद्दाम जाणून घेण्याजोगे आहे. जुनी गोणपाटे, दोरखंडे, चिंध्या, म्हणजे ज्याला कोणी हात लावणार नाही असा माल चुन्याच्या पाण्यात कुजवीत, ढेंकीखाली कुटून त्याचा लगदा करीत आणि वाहत्या पाण्यात धूत. मग हौदातल्या लगद्याच्या पाण्यात गवताच्या काड्यांची बारीक जाळी बुडवून कारागीर ती अलगद उचली. पाणी गळून गेले की जाळीवर जो पातळ थर उरे तोच कागदाचा ताव. ताव एकावर एक रचून दाबीत, भिंतीवर चिकटवून वाळवीत, त्यांना खळ देत आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणीत. खळ असे ती धान्याची. युरोपातील जुना हातकागद मात्र जनावरांची कातडी उकळून काढलेल्या सरसात बुडवीत असत. आपल्या पूर्वजांनी ज्या कागदावर शास्त्रे लिहविली त्या देशी कागदाला धान्याची खळ होती. योगायोग असो वा नसो, अहिंसेच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

कागद येण्यापूर्वी आपली शास्त्रे ताडपत्रावर होती. मूडबिद्रीच्या ताडपत्रीय धवला ग्रंथाचे नाव प्रत्येकास ठाऊक आहे. कागद रूढ झाला आणि शास्त्रदानाचे स्वरूप पालटले. चार दानांपैकी शास्त्रदान म्हणजे ग्रंथ लिहवून घेऊन मुनींना, आर्यिकांना किंवा मंदिराच्या भांडाराला अर्पण करणे. पोथीच्या अखेरच्या प्रशस्तीत ग्रंथ लिहविणाऱ्या श्रावक-श्राविकेचे नाव येते, कधी लहियाचे येते. कागद करणाराचे सहसा येत नाही. अहमदाबाद, सांगानेर येथील कागद करणारे ‘कागदी’ बहुतांशी मुसलमान होते, कागजीपुऱ्याचेही तसेच. आपल्या भांडारांतील ग्रंथसंपदेमागे त्यांचे हात आहेत, हे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. दौलताबादपुरते सांगायचे तर मराठी जैन वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या मते कवी जिनदासांनी मराठी ‘हरिवंशपुराण’ याच देवगिरीत रचावयास घेतले आणि ते पुढे पुण्यसागरांनी पूर्ण केले.

ज्यांनी मंदिरातील ग्रंथांचे कपाट कधी स्वतः आवरले आहे, त्यांना एक अनुभव निश्चित आला असेल. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची हस्तलिखित पोथी उलगडली तर पाने लवतात, तुटत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी छापलेले पुस्तक मात्र बोट लावताच कडेने गळू लागते. याचे कारण साधे आहे. देशी कागदात चुना मुरलेला असे, त्यामुळे त्यात आम्ल साचत नसे. गिरणीच्या त्या काळच्या कागदात लाकडाचा भुसा, राळ आणि तुरटी असे. त्यातले आम्लच कागदाला आतून खाते.

असे असूनही गिरणीच्या कागदाने हातकागदावर मात केली, ती केवळ भावाने. बंगालमध्ये टिटागढची गिरणी १८८२ मध्ये निघाली; तिच्यासारख्या गिरण्यांचा आणि विलायती कागद देशभर पसरला. सरकारी कचेऱ्यांनी पाठ फिरविली, छापखान्यांना सलग, सारख्या जाडीचा कागद हवा होता. या परिवर्तनात आपला समाजही मागे नव्हता. सोलापूरला शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८४ मध्ये ‘जैन बोधक’ मासिक सुरू केले आणि छापील अक्षराने समाजजागृतीचे फार मोठे कार्य केले. त्याबद्दल कोण तक्रार करील? परंतु पोथी गेली, लहिया गेला, आणि त्यांच्याबरोबर कागद्याचे एक खात्रीचे गिऱ्हाईक गेले. राहता राहिली दिवाळीची वही. लाल कापडाची बांधणी, पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’, वीरनिर्वाण संवताचा आकडा, आणि मुहूर्तावर पूजन. व्यापारी समाज म्हणून कागदाचे आपण केवढे मोठे ग्राहक होतो आणि आहोत! ती वहीदेखील कालांतराने गिरणीच्या कागदाची झाली. कागजीपुऱ्यात पुढे हा व्यवसाय फार थोड्या हातांत उरला. भेटकार्डे, पिशव्या, वह्या, पर्यटकांना दाखवायचे ताव, असा त्याचा पसारा आवरत आला आहे.

खरेदी हे एक नैतिक बळ आहे, ही जाणीव जगात इतरत्रही झाली. १७९१ मध्ये इंग्लंडात गुलामांच्या श्रमाची वेस्ट इंडिजची साखर न खाण्याची चळवळ निघाली, ती पुष्कळशी स्त्रियांनी घराघरांतून चालविली. त्याग हे तिचे स्वरूप, आणि आपल्या ‘नियम’ घेण्याच्या रीतीशी तिचे साम्य सहज दिसते. आपल्याकडे पुण्याच्या सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी, १८७७ च्या दिल्ली दरबारात हातसुताचे कपडे घालून हजेरी लावली. वंगभंगाच्या काळात स्वदेशी वस्तूंची भांडारे निघाली. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची कल्पना तर विलक्षणच होती. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा. त्या पैशापैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना उभा राहिला. लाखाची देणगी देणारा एक दाता शोधण्यापेक्षा लाख लोकांचा एक पैसा अधिक टिकाऊ, हे काळ्यांनी ओळखले होते.

परंतु खरी कसोटी लागली ती खादीची. अखिल भारत चरखा संघ १९२५ मध्ये स्थापन झाला. खादी खपू लागली. मात्र सूत कातणाऱ्या बाईच्या पदरात फार थोडे पडते, हे गांधीजींच्या ध्यानी आले. १९३५ मध्ये त्यांच्या आग्रहाने कातणारीला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असे धोरण संघाने स्वीकारले. अर्थात खादी महागली. खप घटेल, संघ बुडेल, अशी भीती कार्यकर्त्यांनी व्यक्त केली आणि ती निराधार नव्हती. तरीही गांधीजींनी ग्राहकाला स्पष्ट सांगितले की कापडाच्या किमतीत कातणारीचे जेवण धरलेच पाहिजे. आज ‘फेअर ट्रेड’ या नावाने जे जगभर चालते, त्याचा पहिला प्रसिद्ध शिक्का, ‘मॅक्स हावेलार’, नेदरलँड्समध्ये १९८८ साली मेक्सिकोच्या कॉफीवर उमटला. त्यापूर्वी अर्धशतक वर्ध्याच्या परिसरात तोच हिशेब मांडून झाला होता.

हातकागदाला पुन्हा जीवदान मिळाले ते याच चळवळीत. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पांनी वर्ध्याच्या मगनवाडीतून त्याचे काम चालविले आणि त्यात हातकागदाला स्थान दिले. १९४० मध्ये के. बी. जोशी यांनी पुण्यात हातकागद संस्था उभी केली. योगायोग असा की याच सुमारास आपल्या समाजात शास्त्रदानालाही नवे रूप मिळत होते. अमरावतीला डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला, तो शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या साहित्योद्धारक फंडाच्या आधारावर. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ मध्ये गजपंथ येथे विद्वानांची सभा भरविली, जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना करून तीस हजार रुपये दिले आणि १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सर्व मालमत्ता विश्वस्त निधीत घातली. दात्याचे धन आणि वाचकाने मोजलेले अल्प मूल्य, असा दुहेरी आधार जीवराज जैन ग्रंथमालेला लाभला. ग्रंथ फुकट वाटला तर कपाटात पडतो, विकत घेतला तर वाचला जातो, असे जुने कार्यकर्ते म्हणत. ते पुरतेपणी खरे नसले तरी अगदी खोटेही नाही.

मुंबईत १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात भगिनींनी छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास सुरुवात केली, ते लिज्जतचे नाव येथे घेतलेच पाहिजे. त्याची कथा सर्वांस ठाऊक असल्याने विस्तार करीत नाही. एवढेच नोंदवतो की पारेखांनी भगिनींना देणगी न देता कर्ज दिले, आणि पापड चांगला झालाच पाहिजे असा आग्रह धरला. दयेपोटी घेतलेला पापड एकदाच घेतला जातो.

कागदाप्रमाणेच आपल्या शहराची दुसरी ओळख म्हणजे हिमरू. सुताच्या ताण्यावर रेशमाचा बाणा, अशी त्याची मूळ घडण; तीही तुघलकाच्या स्थलांतराबरोबर येथे आली असे मानतात. आता पुष्कळ ठिकाणी रेशमाऐवजी कृत्रिम धागा वापरतात. कलेच्या जाणकारांना ते खटकते, आणि आपल्याला मात्र येथे थांबून विचार करावा लागतो. कारण रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोशातील जीव उकळत्या पाण्यात मारतात. एका रेशमी साडीमागे असे हजारो कोश जातात. पूजेचे वस्त्र रेशमी असावे की सुती, ही चर्चा आपल्या समाजात जुनीच आहे. विणकराचे पोट एका बाजूला आणि कोशातील जीव दुसऱ्या बाजूला, असा हा खरोखरीचा पेच आहे, आणि त्यातून सुटण्याचा एक मार्ग एका विणकाम-जाणकारानेच शोधला. हैदराबादचे कुसुमा राजय्या हे आंध्र प्रदेशातील हातमाग क्षेत्रातील अधिकारी होते. पतंग कोश फोडून बाहेर पडल्यानंतर उरलेल्या कोशाचे सूत काढून त्यांनी ‘अहिंसा रेशीम’ विणविले. धागा तुटका असतो, तो कातावा लागतो, कापडाला रेशमाची झळाळी कमी येते आणि किंमत जास्त पडते. म्हणजे पुन्हा तोच १९३५ चा प्रश्न: जादा पैसे कोण देणार?

जैन ग्राहकाचा आग्रह वाया जात नाही, याचीही उदाहरणे आहेत. डायना रत्नागर यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ संस्थेने, वस्तू बनते कशी हे ग्राहकाला सांगण्याचे काम चिकाटीने केले. मिठाईवरचा आणि प्रतिमेच्या अंगरचनेतला चांदीचा वर्ख जनावरांच्या आतड्यांच्या थरांमध्ये ठेवून ठोकतात, ही माहिती पुढे आल्यावर अनेक मंदिरांनी तो वर्ज्य केला, आणि २०१६ मध्ये खाद्यवर्खाच्या निर्मितीत प्राणिजन्य साहित्य वापरण्यास सरकारने बंदी घातली. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहार-मांसाहार दर्शविणारे हिरवे-तपकिरी ठिपके आले ते २००१ च्या नियमांनी. आज अशी खूण पाहिल्याशिवाय आपल्या घरात पाकीट फुटत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या मराठवाड्याचेच आहे. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वजाची खादी आणि ध्वज तयार करणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी एक. उदगीर केंद्रात त्यासाठी कापड विणले जाते. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावर केलेल्या पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. स्वस्त ध्वज घरोघर पोहोचला हे चांगलेच झाले, परंतु ज्या चरख्यांना त्या एका मागणीचा आधार होता त्यांच्यासमोर प्रश्न उभा राहिला. तो कायद्याने निर्माण झाला नाही; कायद्याने फक्त दार उघडले, आत गेले ते ग्राहक.

अलीकडे प्रत्येक वस्तूवर काहीतरी सत्कार्य चिकटविण्याची रूढी पडली आहे. साबणाच्या वडीमागे एक रुपया अमुक कार्यास, अशी घोषणा वाचून आपण समाधान पावतो. अशा ठिकाणी श्रावकाने व्यापाऱ्याचा चष्मा काढू नये. कारागिराला काय मिळते, माल कोठून येतो, त्यात कोणता जीव गेला, आणि धर्मादायाचे नाव काढून टाकले तर ही वस्तू घेण्याजोगी आहे काय, हे चार प्रश्न कोणत्याही किराणा दुकानदारास सहज विचारता येण्याजोगे आहेत. कागजीपुऱ्यातही पर्यटकाला दाखविला जाणारा प्रत्येक ताव तेथलाच असेल असे गृहीत धरू नये; हौद चालू आहे काय ते पाहून घ्यावे.

आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या हिशेबाकडे या दृष्टीने पाहिले तर दानाच्या पावत्यांइतकीच खर्चाची व्हाउचरे बोलकी ठरतील. पंचकल्याणकाच्या कुंकुमपत्रिका, पाठशाळेची प्रमाणपत्रे, सत्काराचे मानपत्र, शास्त्रांची वेष्टने, पाहुण्यांना द्यावयाच्या शाली, वहीपूजनाच्या वह्या: यांतले प्रत्येक काही ना काही आपल्या शहराच्या पंधरा-वीस कोसांत बनते. सगळे हातकागदावर छापावे असे मी म्हणणार नाही. पत्रिकेची हजार पाने गिरणीच्या कागदावर परवडतात, हे मला कळते, आणि हातकागद छापणीयंत्रात अडकतो ही मुद्रकांची तक्रारही खरी आहे. परंतु मानपत्र, प्रमाणपत्र आणि शास्त्राच्या नव्या हस्तलिखित प्रती या गोष्टी दीर्घकाळ टिकाव्यात म्हणूनच करावयाच्या असतात, आणि तेथे आम्लरहित कागद लागतोच.

व्यवहाराची एक बाब मात्र विश्वस्तांनी लक्षात ठेवावी. हातकागद उन्हात वाळतो. पावसाळ्यात भिंती ओल्या, ताव लवकर सुटत नाहीत, खळीला बुरशी धरते, म्हणून त्या चार महिन्यांत काम मंदावते. पर्युषण आणि दशलक्षण भाद्रपदात येतात, वहीपूजन दिवाळीत. तेव्हा त्यांचा कागद श्रावणात मागितला तर मिळणार नाही. मागणी वैशाखात, अक्षय तृतीयेच्या आसपास, गावात पोहोचली पाहिजे, आणि थोडी रक्कम आगाऊ द्यावी लागेल, कारण चिंध्या आणि चुना रोखीने घ्यावा लागतो.